चिलीतल्या बळाची नोंदवही

चिलीमध्ये एखाद्याच्या घरी नोंदणी केलेले पिस्तूल असेल, तर सकाळी आठ ते रात्री दहा या वेळात कधीही दारावर थाप पडू शकते. दारात काराबिनेरोस या तिथल्या पोलीस दलाचा माणूस उभा असतो. तो ओळखपत्र दाखवतो आणि विचारतो, अमुक क्रमांकाचे पिस्तूल या पत्त्यावर असल्याची नोंद आहे, दाखवता का? येण्याआधी कळवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. पण उंबरठा ओलांडून आत यायचा अधिकारही त्याला नाही. घरमालकाने पिस्तूल दाराशी आणायचे, पोलिसाने क्रमांक ताडून पाहायचा आणि निघून जायचे. या भेटीची वेळ, ओळखपत्र, उंबरठा हे सगळे कायद्याच्या कलमातच लिहून ठेवले आहे. कायद्यासारख्या कोरड्या मजकुरात एवढे तपशीलवार दृश्य सापडते तेव्हा मी थक्क होतो. शस्त्र राज्याच्या नजरेत हवे आणि घर मात्र नागरिकाचेच राहायला हवे, या दोन गोष्टी त्या एका उंबरठ्यावर जुळवलेल्या आहेत.

या भेटीमागे जी नोंदवही आहे ती सांभाळणारे सरकारी खाते याहून चकित करणारे आहे. चिलीच्या संरक्षण मंत्रालयाखालचे हे राष्ट्रीय सैन्य-जमवाजमव महासंचालनालय. त्याच्या प्रमुखपदी लष्करातला जनरल असतो. घरातले पिस्तूल कोणाच्या नावावर आहे हे ज्या खात्याला ठाऊक, त्याच खात्याकडे घरातल्या मुलाचेही नाव असते, कारण सक्तीच्या लष्करी सेवेची यादी तेच बनवते. शेजारच्या तांब्याच्या खाणीत सुरुंग लावणाऱ्याचा परवाना याच खात्याच्या अखत्यारीत येतो. नववर्षाच्या रात्री वाल्पाराइसोच्या उपसागरावर जी प्रचंड आतषबाजी होते, ती दारूही याच खात्याच्या कायद्यात मोडते. चिलीत घरगुती फटाक्यांवर बंदी आहे. आतषबाजी फक्त परवानगी घेऊन, जाणकारांच्या हातून व्हायची. इतकेच काय, 1984च्या एका कायद्याने कराटे आणि तत्सम युद्धकला शिकवणाऱ्या शाळांचे नियंत्रणसुद्धा या खात्याकडे सोपवले. मुलांना पांढऱ्या पोशाखात कवायत शिकवणाऱ्या गुरुजींना संरक्षण मंत्रालयाची मान्यता!

पहिल्यांदा हे वाचताना वाटते की कुणीतरी असंबद्ध कामे एका कपाटात कोंबली आहेत. पण थोडे थांबून पाहिले की एक धागा दिसतो. तरुण माणसाचे शरीर, बंदूक, काडतूस, सुरुंगाची दारू, विषारी रसायन, प्रशिक्षित हात, यांतले काहीही बळात रूपांतरित होऊ शकते. गावच्या जमिनीचा जसा सातबारा, तसा देशातल्या बळाचा उतारा हे खाते लिहीत बसलेले आहे. हिंसेच्या वैध वापरावर फक्त राज्याची मक्तेदारी असते, असे जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी 1919 साली मांडले. विद्यापीठांत ते सिद्धान्त म्हणून शिकवतात. चिलीची राजधानी सांतियागोमध्ये त्याची रोज नोंद होते, त्यावर शिक्का बसतो, क्रमांक पडतो.

हे कपाट भरत कसे गेले, त्याची कथा मला सर्वांत मोलाची वाटते.

सुरुवात माणसांपासून झाली. 1885 साली एमिल कोर्नर नावाचा एक जर्मन कॅप्टन चिलीत आला. पेरू आणि बोलिव्हियाविरुद्धचे युद्ध चिलीने नुकतेच जिंकले होते, तरी सैन्य आधुनिक करायची घाई होती. कोर्नरने लष्करी शिक्षणापासून कवायतीपर्यंत सगळे प्रशियाच्या धर्तीवर बसवले. 1891च्या यादवी युद्धात तो राष्ट्राध्यक्षाविरुद्ध संसदेच्या बाजूने उभा राहिला, ती बाजू जिंकली, आणि पुढे तो चिलीच्या सैन्याच्या शिखरावर पोचला. दर 19 सप्टेंबरला सांतियागोत होणाऱ्या संचलनात आजही पाय ताठ उचलून टाकणाऱ्या तुकड्या दिसतात, त्या त्याच वारशातून आलेल्या. त्याच प्रभावातून 5 सप्टेंबर 1900 रोजी सक्तीच्या लष्करी सेवेचा कायदा झाला. लॅटिन अमेरिकेतला तो पहिला मानला जातो. अर्जेंटिनाशी सीमेवरून तणाव होता, हेही त्यामागचे कारण.

सक्तीची भरती म्हटली की डोळ्यांसमोर गणवेश आणि बंदुका येतात. पण राज्याच्या दृष्टीने पहिली अडचण वेगळीच असते. कोण कुठे राहतो, त्याचे वय काय, तो जिवंत आहे का, हे माहीत कसे करायचे? चिली म्हणजे अँडीज आणि समुद्र यांच्यामध्ये 4000 किलोमीटरहून लांब पसरलेली जमिनीची पट्टी. उत्तरेला जगातल्या सर्वांत कोरड्या वाळवंटांपैकी एक, दक्षिणेला हिमनद्या. अशा देशात गावोगावच्या तरुणांची यादी करायची म्हणजे मोठे लेखनिकी धाडस होते. त्यासाठी भरतीची स्थानिक कार्यालये उघडली, नोंदवह्या आल्या. बराकीत आलेल्या कित्येक पोरांना अक्षरओळख नव्हती, म्हणून बराकीतच शाळा भरू लागल्या. राज्य माणसे मोजायला शिकले आणि मग त्याने त्यांना वाचायलाही शिकवले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

मग आले 1972. साल्वादोर आयेंदे यांचे डावे सरकार निवडून येऊन दोन वर्षे झाली होती. एकीकडे सशस्त्र डाव्या संघटना, दुसरीकडे सशस्त्र उजव्या. ऑक्टोबरमध्ये ट्रकमालकांच्या संपाने देश ठप्प झाला. त्याच महिन्यात, 21 ऑक्टोबरला, शस्त्रनियंत्रणाचा 17798 क्रमांकाचा कायदा प्रसिद्ध झाला. त्याचा प्रस्ताव विरोधी पक्षातले सिनेटर हुआन दे दिओस कार्मोना यांचा होता. देशातली सगळी शस्त्रे मोजायची, तर ते काम कोणाला द्यायचे? कायद्याने ते सशस्त्र दलांच्या भरती आणि सांख्यिकी खात्याला दिले. माणसांच्या याद्या करण्यात ज्यांची सत्तर वर्षे गेली, त्यांच्या हाती बंदुकांची यादी आली. 1978च्या हुकुमाने भरतीची नवी घडी बसवली आणि पुढे त्याच खात्याचे आजचे महासंचालनालय झाले.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण या कायद्याचा पहिला मोठा वापर भयंकर होता. कायद्याने लष्कराला झडत्यांचे अधिकार दिले आणि खटले लष्करी न्यायालयांकडे गेले. 1973च्या हिवाळ्यात सैनिकांनी शस्त्रे शोधायच्या नावाखाली कारखान्यांवर आणि कामगारांच्या संघटनांवर छापे घातले. झडत्यांचा रोख बहुतेक एकाच बाजूला होता. ऑगस्टमध्ये दक्षिण टोकाच्या पुंता आरेनास शहरात एका लोकर कारखान्यावरच्या छाप्यात एक कामगार मारला गेला. पुढच्या महिन्यात, 11 सप्टेंबरला, त्याच सैन्याने बंड केले. आयेंदे राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात मरण पावले, फिदेल कास्त्रो यांनी भेट दिलेल्या रायफलीने त्यांनी स्वतःला संपवले. ज्यांच्या कारकिर्दीत हा शस्त्रकायदा झाला, त्यांचा शेवट असा झाला. नंतरच्या 17 वर्षांच्या लष्करी राजवटीत तीन हजारांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. नोंदवही कितीही काटेकोर असली, तरी ती उघडणारा हात पक्षपाती असेल तर कुणाचे दार वाजणार हे आधीच ठरलेले असते. चिलीने हे सोसून पाहिले आहे.

म्हणूनच 2005च्या भरती-सुधारणेतले एक कलम मला विलक्षण वाटते. आता चिलीत मुलगा 18 वर्षांचा होतो तेव्हा त्याला कुठल्याही कार्यालयात जाऊन नाव द्यावे लागत नाही. जन्ममृत्यूच्या नागरी नोंदणीतून त्याचे नाव आपोआप लष्करी यादीत जाते. दरवर्षी असे लाखाच्या आसपास मुलगे, आणि सैन्याला हवे असतात काही हजार. आधी स्वेच्छेने येणाऱ्यांना संधी मिळते, मुलींनाही. तेवढ्याने जागा भरल्या नाहीत, तर उरलेल्या मुलग्यांमधून सोडत काढली जाते. सोडत निघाली तरी सूट मागता येते. आजारी, घरचा एकटा कमावता, लग्न झालेला, बाप झालेला किंवा होऊ घातलेला, अशी त्याची यादी आहे. आणि त्याच यादीत आणखी एक नोंद आहे. लष्करी राजवटीत ज्यांचे मानवी हक्क पायदळी तुडवले गेले, त्या बळींची मुले, नातवंडे, जवळचे रक्ताचे नातलग यांनाही सूट आहे.

म्हणजे ज्या सैन्याने आजोबांना नेले, त्या सैन्याचा गणवेश नातवाच्या अंगावर सक्तीने चढवायचा नाही. राज्याने हे स्वतःच्या भरती कायद्यात लिहून ठेवले. भरतीचे कायदे सहसा माणसाची उंची, छाती, दृष्टी पाहतात. या कायद्याने त्याच्या घरातले दुःख पाहिले. मला माहीत असलेल्या भरती-नियमांत इतके माणुसकीचे कलम दुसरे नाही.

2005 हे साल चिलीत या सगळ्या विषयाने भरून गेलेले आहे. मार्च महिन्यात अमेरिका खंडातल्या मानवाधिकार आयोगाने एका प्रकरणात निकाल दिला. विवेकाच्या कारणाने सेवा नाकारणाऱ्या तीन चिलियन तरुणांची ती तक्रार होती. चिलीच्या कायद्यात अशा नकाराला जागा नाही, आणि ती नसणे हा मानवाधिकार कराराचा भंग ठरत नाही, असे आयोगाने म्हटले. मे महिन्यात शस्त्रकायद्यात कडक दुरुस्त्या झाल्या. आणि त्याच मेच्या 18 तारखेला आंतूको घडले.

आंतूको हा सुमारे तीन हजार मीटर उंचीचा ज्वालामुखी. लोस आंखेलेस शहरातल्या रेजिमेंटमधले नवे जवान डोंगरातल्या एका तळावरून दुसऱ्या तळाकडे पायी निघाले. एप्रिलमध्ये बराकीत आलेली ही पोरे, लष्करात त्यांना जेमतेम काही आठवडे झालेले. हवामान बिघडत असतानाही मेजरने कूच करायचा हुकूम दिला. अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते. बर्फ आणि वारा मिळून समोरचे काहीच दिसेनासे होते, त्याला तिथले लोक पांढरा वारा म्हणतात. त्या वाऱ्यात 44 कोवळे जवान आणि त्यांच्याबरोबरचा एक सार्जंट गोठून मेले. शेवटचे शव जुलैत सापडले. मेजरला तुरुंगवास झाला. देशभरच्या आईबापांनी विचारले, आमच्या पोरांना तुम्ही यादीत घालून नेता, मग त्यांचा जीव कोणाच्या यादीत? सप्टेंबरमध्ये भरतीची ती सुधारणा प्रसिद्ध झाली, आधी स्वेच्छा आणि मग सोडत ही रचना तिचीच. तिचा विचार आंतूकोच्या आधीपासून चालू होता, पण ती वाचणाऱ्या प्रत्येकाच्या मनात तो डोंगर होता. आणि 2024च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडच्या पुत्रे भागात, अँडीजच्या उंचीवर, कवायतीच्या पायपिटीत पुन्हा एक तरुण जवान मरण पावला. नाव यादीत कसे येते हे न्याय्य झाले. नाव आल्यानंतर त्या मुलाचे काय होते, याचा हिशेब अजून पुरता लागलेला नाही.

आता परत शस्त्रांकडे. चिलीच्या राज्यघटनेत नागरिकाला शस्त्राचा हक्क नाही. उलट, परवानगीशिवाय कुणीही शस्त्र बाळगू नये असे तिथे स्पष्ट कलम आहे. ज्याला हवे त्याने वय 18 पूर्ण असल्याचे, मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याचे आणि शस्त्र हाताळता येत असल्याचे सिद्ध करायचे. गुन्ह्याची शिक्षा झालेली नसावी. साधारण नागरिकाच्या नावावर दोनच बंदुका, शिकारी, नेमबाज आणि संग्राहकांसाठी नियम वेगळे. बंदुकीची नोंद माणसाबरोबर पत्त्यावरही होते. घर बदलले तर बंदुकीचाही पत्ता बदलायचा, ती एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची तर प्रवासाची चिठ्ठी घ्यायची. मालक वारला तर वारसांनी कळवायचे. नोंदणी म्हणजे कमरेला लावून फिरायची मुभा नव्हे, त्यासाठी वेगळी आणि दुर्मीळ परवानगी लागते.

बंदी असलेल्या शस्त्रांची यादी वाचताना तर माणसाच्या कल्पकतेची धास्ती वाटते. नळी कापून आखूड केलेल्या बंदुका, स्वयंचलित बंदुका, क्रमांक खरवडलेल्या बंदुका, लोखंडी नळी आणि खिळ्यांनी घरी बनवलेल्या बंदुका. आणि दिसायला निरुपद्रवी, पण आतून गोळी झाडणारी वस्तू, म्हणजे पेन किंवा काठी. कायद्यात त्यांना कल्पनाविलासी शस्त्रे असे नाव आहे. कुणाला घरातली जुनी बंदूक सोडून द्यायची असेल, तर पोलिसांकडे स्वेच्छेने आणून देता येते, नाव न सांगता, शिक्षेची भीती न बाळगता. अशी आणि जप्त केलेली हजारो शस्त्रे शस्त्रागारात जमा होतात आणि पोलाद कारखान्याच्या भट्टीत वितळवली जातात. नोंदवहीतला तो क्रमांक तिथे कायमचा बंद होतो.

खाणींचे प्रकरणही मोठे आहे. जगातले सुमारे एक-चतुर्थांश तांबे चिलीतून येते, आणि ते तांबे स्फोटकांशिवाय डोंगरातून सुटत नाही. म्हणजे हे खाते जे बळ मोजते त्यातला मोठा भाग देशाचे पोट भरतो. सुरुंग लावणाऱ्याला परवाना हवा, स्फोटकांच्या कोठारांना मान्यता हवी, किती माल आला आणि किती उडवला याची नोंद हवी. एक पेटी हरवली तर ती खाणीबाहेर काय करील, हे चिलीला अनुभवाने ठाऊक आहे. रसायनांचेही तसेच. 1970च्या दशकात लष्करी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी सांतियागोतल्या एका बंगल्यात सारिन हा मज्जासंस्था बंद पाडणारा वायू बनवला होता. आज रासायनिक शस्त्रबंदी कराराचे पालन पाहणारे राष्ट्रीय प्राधिकरण म्हणून हेच महासंचालनालय काम करते, कारखान्यांतल्या घातक रसायनांची माहिती गोळा करते, आंतरराष्ट्रीय निरीक्षकांशी बोलते. राज्याने स्वतः केलेल्या पापावर त्याच राज्याने पहारेकरी नेमला, आणि ही गोष्ट मला आशेची वाटते.

आपल्याकडे हे सगळे विखुरलेले आहे. सक्तीची भरती नाहीच. घटनेच्या 23व्या अनुच्छेदाने सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायची वाट राज्याला मोकळी ठेवली, पण सैन्यासाठी ती कधी वापरली गेली नाही. बंदुकीचा परवाना जिल्हाधिकारी देतात, मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलीस आयुक्त. निवडणूक आली की परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात, हे गावोगावी माहीत आहे. स्फोटकांचे देशभरचे नियंत्रण नागपूरच्या मुख्यालयातून चालते, आणि ते वाणिज्य आणि उद्योग मंत्रालयाखाली येते. रासायनिक शस्त्र करारासाठी दिल्लीत निराळे प्राधिकरण आहे.

एकच खाते बरे की विखुरलेली खाती बरी? मला विचाराल तर, चिलीच्या एकत्र नोंदवहीचे मला कौतुक वाटते, पण ती लष्करी जनरलच्या टेबलावर असावी हे पटत नाही. सैनिकांची यादी संरक्षण मंत्रालयाकडे असणे योग्य. नागरिकाचे पिस्तूल, खाणीतला सुरुंग आणि कराटेची शाळा यांचा मालक नागरी मंत्री असायला हवा, जो संसदेत उभा राहून उत्तर देतो. 2025मध्ये चिलीने सार्वजनिक सुरक्षेचे वेगळे मंत्रालय स्थापन केले आहे. शस्त्रांचे काम तिकडे न्यावे, 1973चा अनुभव असलेल्या देशाने तरी यात उशीर करू नये.

आपल्याकडचा भाग आपल्या हातात आहे. चिलीने भरती सुधारली त्याच 2005 साली आपल्याकडे माहितीचा अधिकार आला. आपल्या जिल्ह्यात बंदुकीचे किती परवाने चालू आहेत, गेल्या पाच वर्षांत किती नवे दिले, किती रद्द केले, ही आकडेवारी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे दहा रुपयांच्या अर्जाने मागता येते. एकदा मागून पाहा.